नुसतं ‘हो’

गुरुवार, रात्री साडेअकरा

काल सकाळनंतर ताईचा फोन नाही. तशी ती रोज कुठे करते म्हणा! पण रोज न करणं वेगळं आणि हे वेगळं.

विचारलं तिनेच. “खरं सांग, मी आईकडे फिरकत नाही असं वाटतं ना तुला?” मी म्हटलं, “हो.” पलीकडे कुकरची अर्धवट शिट्टी झाली, मग “बरं, ठेवते.”

यात माझं काय चुकलं? खरं विचारलं, खरं सांगितलं. अण्णा उठता-बसता म्हणायचे, स्पष्टवक्ता सुखी भवेत्. कालपासून मी सुखी व्हायची वाट बघतेय. आईचं सगळं मीच करायचं, वर वाईटपणाही मीच घ्यायचा. आणि रजा किती उरल्यात ते... जाऊ दे.

दुपारी आई झोपल्यावर गीता काढली. भक्ती वगैरे काही नाही, आपल्या बाजूने एक साक्षीदार हवा होता. सतराव्या अध्यायात वाणीचं तप आहे, ‘अनुद्वेगकरं वाक्यं सत्यं प्रियहितं च यत्’. इतक्यांदा म्हटलाय हा श्लोक, पण क्रम आज दिसला. सत्य दुसरं. आधी अनुद्वेगकर, ऐकणाऱ्याच्या जिवाला न टोचणारं. वृत्तात बसावं म्हणून तसं आलं असेल, अशीही पळवाट काढून पाहिली. पण साक्षीदार फितूर तो फितूरच.

मग कौशिक आठवला, कर्णपर्वातला. अर्जुन धर्मराजावरच तलवार उपसतो, तेव्हा कृष्ण त्याला ही गोष्ट सांगतो. कायम खरंच बोलायचं, हे कौशिकाचं व्रत. दरोडेखोरांनी विचारलं, माणसं कुठे गेली? याने रान दाखवून दिलं. माणसं मारली गेली आणि हा नरकात. लहानपणी मला त्याची कीव यायची. आज वाटलं, कुणीतरी विचारावं म्हणून टपूनच बसला असेल तो.

कारण मी बसले होते. तो ‘हो’ काल सुचलेला नाही. दोन वर्षांपूर्वी ताई दीड दिवसाच्या गणपतीसारखी येऊन गेली, तेव्हापासून मुरत घातला होता. खरा होताच. पण मी तो खरा होता म्हणून बोलले, की लागेल म्हणून?

बोलणं कसं असावं, ते माउलींनी तेराव्या अध्यायात सांगून ठेवलंय, ‘साच आणि मवाळ । मितुलें आणि रसाळ’. म्हणजे चार विषय. साच होतं. मितुलें तर याहून काय असणार, एकच अक्षर! मवाळ आणि रसाळ, दोन्हीत भोपळा. 100 पैकी 50. बोर्डात 35 ला पास करतात.

आत्ता तिचा मेसेज आला. ‘आईच्या बीपीच्या गोळ्या आहेत का?’

‘हो’ टाइप केलं. पुसलं. ‘आहेत, सोमवारपर्यंतच्या. तुझ्या कुकरची रिंग बदल, शिट्टी धड होत नाही.’

पाठवून टाकलं. दोन्ही खुणा निळ्या झाल्यात.