पाणलावा शोधायचा तर आधी गाळ बघा

ऑक्टोबरात सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर दुर्बिणी लागतात त्या उघड्या पाण्यावर, बदकं आणि चक्रवाक बघायला. काठाच्या लव्हाळ्यात दबून बसलेला पाणलावा (स्नाइप, लांब चोचीचा पाणथळ पक्षी) मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. हिमालय, मध्य आशिया, सैबेरिया अशा लांबच्या मुलखातून तो येतो आणि वसंतापर्यंत इथे राहतो.

त्याचा सगळा हिशेब चिखलावर चालतो. चोच साधारण सहा-सात सेंटिमीटर लांब, टोकाला लवचिक आणि अतिशय संवेदनशील. चोच गाळात रुतलेली असतानाच फक्त टोक उघडून तो गांडूळ, अळी पकडतो. त्यामुळे गाळ मऊ हवा. आपल्या काळ्या मातीचा ओलावा गेला की ती कडक होऊन भेगाळते, मग त्या जागी पाणलावा थांबत नाही. ‘गेल्या आठवड्यात इथेच होते, आता एकही नाही’ याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. हातात बारीक काडी ठेवा. बोटभर खोल सहज गेली तर जागा चांगली. अडली तर पाणी जिकडे ओसरलंय तिकडे सरका. उजनीच्या फुगवट्याला पाणी उतरेल तशी ही ओली पट्टी खाली खाली जाते. तलाव सुकला तर गळक्या चारीखालची दलदल आणि पाटाचं पाणी साचलेली उसाची कड बघावी.

सूर्य पाठीशी घेऊन बांधावर तीस-चाळीस मीटर अंतरावर बसा. चालत राहिलात तर पक्षी पायाशी येईपर्यंत हलणार नाही आणि मग एकदम उडेल. तुम्हाला फक्त पाठ दिसेल. बसल्यावर पक्षी शोधू नका, पाठीवरच्या गवती पिवळ्या उभ्या रेघा शोधा. भोवती शांतता झाली की तो चरायला लागतो, चोच शिलाई मशीनच्या सुईसारखी खालीवर होते. उजाडताना आणि दिवस मावळायच्या सुमाराला हे जास्त दिसतं.

खरी अडचण ओळखीची, कारण पाणलाव्याच्या काही जाती एकमेकींसारख्या दिसतात. साधा पाणलावा उडताना खरखरीत ‘स्कॅप’ ओरडतो, नागमोडी वळणं घेत जातो आणि पंखाच्या मागच्या कडेला ठळक पांढरी पट्टी दिसते. पिनटेल पाणलाव्याला ती पट्टी जवळजवळ नसते, पंखाखालची बाजू सलग गडद पट्ट्यांची असते आणि उडताना पायाची बोटं शेपटीबाहेर जास्त येतात. तो तुलनेने कोरड्या जागीही, कापलेल्या पिकाच्या रानात सापडतो. पक्का पुरावा शेपटीत: साध्याला बहुधा 14 पिसं, पिनटेलला 24 ते 28, त्यातली कडेची टाचणीइतकी अरुंद. पंख साफ करून पक्षी शेपटी पसरतो तो क्षण पकडायचा तर शटर 1/2000 च्या आसपास ठेवा. स्विन्हो पाणलावा पिनटेलसारखाच दिसतो, म्हणून शेपटीचा फोटो नसेल तर नोंदीत ‘पिनटेल किंवा स्विन्हो’ एवढंच लिहावं. उगीच जात ठरवून टाकलेल्या नोंदी पुढे कुणाच्याच कामाच्या राहत नाहीत.

पाय लोंबकळत संथ उडून जवळच उतरला तर तो रंगीत पाणलावा, आपला रहिवासी. त्यात मादी जास्त रंगीत आणि अंडी नर उबवतो. वुडकॉक (पाणलाव्याचाच एक नातलग पक्षी) म्हणून फिरणारे फोटो डोक्यावरून तपासा. वुडकॉकच्या डोक्यावर आडवे पट्टे असतात, पाणलाव्याच्या उभे. वुडकॉक हिमालयात वीण करून दक्षिणेच्या दमट डोंगररानात हिवाळा काढतो, आपल्या माळावर नाही.

कधीकाळी पाणलाव्याची बंदुकीने शिकार हा मोठा शौक होता. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर, आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच गेल्यावर, तो गुन्हा आहे. फासे मात्र अजून लागतात. चिखलात खुंट्यांना बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्यांची रांग दिसली तर हात न लावता फोटो काढा, जागेची खूण ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. फासे उपटून फेकले तर पुरावाही जातो आणि लावणारा दुसऱ्या काठाला जातो.