शेवटच्या वर्षाला सुचलेलं शहाणपण

टीवायला, म्हणजे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, येईपर्यंत माझा फिजिक्सचा अभ्यास म्हणजे मागच्या वर्षांच्या पेपरांचे झेरॉक्स, सीनियरची वही आणि परीक्षेची आदली रात्र. गंमत म्हणजे ते चालून जायचं. पेपरात हायड्रोजन अणू आला की पहिल्या ओळीपासून थेट त्याच्या सगळ्यात खालच्या एनर्जीपर्यंत, उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत, धाडधाड लिहून मोकळी. मधल्या ओळींत काय चाललंय ते कुणी विचारत नाही. मार्क पडत होते, मग सवय कशाला मोडतेय?

अडलं ते आयआयटी जॅमच्या, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीत. ३ तासांत ६० प्रश्न, आणि त्यातल्या २० प्रश्नांना पर्यायच नाहीत; आकडा आपला आपण काढून टाइप करायचा. घोकलेलं डेरिव्हेशन तिथे घालणार कुठे?

मग टाइमटेबल झालं, रंगीबेरंगी हायलाइटर झाले, यूट्यूबवरची लेक्चर्स दीडपट वेगाने बघून झाली. बघताना सगळं कळायचं, तीच तर गोची. शेवटी माझ्या रूममेटने (ती गणितवाली) वही काढून घेतली आणि म्हणाली, "तू उत्तरं वाचतेस गं. आता कर बघू."

गणित साधंच होतं. बॉक्समध्ये अडकलेला क्वांटम कण सगळ्यात खालच्या एनर्जी लेव्हलला आहे. बॉक्सची एक भिंत झटकन सरकवून रुंदी दुप्पट केली, तर नव्या बॉक्समध्ये कण कुठल्या लेव्हलला सापडण्याची शक्यता जास्त? मी ठोकून दिलं, सगळ्यात खालच्या. इंटिग्रल केल्यावर तिथे आलं ०.३६ आणि दुसऱ्या लेव्हलला बरोबर ०.५. "का?" असं तिने विचारलं आणि माझी बोलती बंद.

बऱ्याच वेळाने चित्र काढलं तेव्हा दिसलं. भिंत इतकी पटकन सरकली की वेव्ह फंक्शनला (कणाचं वर्णन करणाऱ्या लाटेला) बदलायला वेळच मिळाला नाही. आणि नव्या दुसऱ्या लेव्हलचा डावा अर्धा भाग आकाराने हुबेहूब जुन्या लाटेसारखा! एनर्जीही तीच. हे सोडवलेलं गणित माझ्या वहीत माझ्याच अक्षरात होतं.

आता बाबांच्या ऑफिसातले पाठकोरे कागद घेऊन बसते. लेक्चर झालं की त्याच संध्याकाळी, वही मिटून. आधी चित्र, मग उत्तराचा अंदाज, इंटिग्रल त्यानंतर. प्रत्येक ओळीला युनिट. अडले तर कुठे अडले ते समासात लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी सरांना गाठायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा सरांनी आधी रोल नंबर विचारला.

वेग मात्र पार बसलाय. पूर्वी एका रात्रीत सिलॅबसचं अख्खं युनिट उडायचं, आता एका गणितात संध्याकाळ जाते. जॅम फेब्रुवारीत, सगळा सिलॅबस काही होत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्स सोडून मेकॅनिक्स, ईएम (इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम) आणि मॉडर्न फिजिक्स धरलंय. रूममेट म्हणते थर्मो (थर्मोडायनॅमिक्स) तरी सोडू नकोस. तिचं काय जातंय सांगायला, तिला थर्मोमधली एन्ट्रॉपी अभ्यासाला नाही.