कबड्डीचं वृत्त सापडलं, खो-खोचं अजून पळतंय

मंडळी, खेळांवरच्या गाण्यांची ही तिसरी नोंद. क्रिकेटचं गाणं मी सोडून दिलंय. दर चेंडूनंतर खेळ थांबतो आणि माझी ओळही थांबते. त्यापेक्षा घराशेजारच्या शाळेच्या मैदानाचा लाभ जास्त आहे. संध्याकाळी अर्ध्या भागात कबड्डी असते, अर्ध्या भागात भाचीचा खो-खो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वायकर या भारताच्या दोन महाराष्ट्रीय कर्णधारांनी महिला आणि पुरुष अशी दोन्ही विजेतेपदं आणली. तेव्हापासून भाचीचा हट्ट आहे की मामाने त्यांच्या संघासाठी गाणं लिहावं.

आधी कबड्डी, कारण तिथे घबाड सापडलंय.

मी दोन महिने पादाकुलकात, म्हणजे ओळीला सोळा मात्रांच्या वृत्तात, झटापट करत होतो. आठ-आठ मात्रांच्या टाळीत सगळं बसतं, पण चढाईची घाई येत नाही. मग एकदा कुंपणाला टेकून चढाई ऐकत होतो आणि वहीच्या कोपऱ्यात सहज मात्रा मांडल्या. क लघु (एक मात्रा), ब पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू (दोन मात्रा), ड्डी गुरू. म्हणजे तीन अक्षरांचा य गण, शाळेतला 'यमाचा'. आणि गडी तर तो शब्द एकामागून एक म्हणतोय! चार वेळा 'कबड्डी' म्हणा, भुजंगप्रयात वृत्ताचा अख्खा चरण तयार. बारा अक्षरं, वीस मात्रा. जुना 'हुतूतू' घेतला तरी तेच, लघु-गुरू-गुरू. (बाद झालेल्या गड्याला आमच्याकडे 'मेला' म्हणतात, तेव्हा चार वेळा 'यमाचा' हे ठीकच.)

ज्यांना वृत्तांचं वावडं आहे त्यांच्यासाठी: समर्थांचे मनाचे श्लोक आठवा. 205 श्लोक, सगळे याच वृत्तात. 'मना सज्जना'च्या चालीवर 'कबड्डी कबड्डी' म्हणून बघा, तंतोतंत बसतं. मी ते घरात मोठ्याने म्हणून बघितलं. आई देवघरातून म्हणाली, "अरे, निदान सांजवेळी तरी नको."

पहिल्या दोन ओळी अशा आल्या:

निघाला गडी एकटा सात दारी
दमाची खिशातील थोडी उधारी

समोर सात जण, म्हणून सात दारं. उधारी आली ती कोपऱ्यावरच्या वाण्याच्या वहीतून. ओळी बऱ्या वाटल्या, पण खरी परीक्षा दमाची होती. चढाई तीस सेकंदांची आणि 'कबड्डी' तुटू द्यायचा नाही, मग गाणंही एका दमात म्हणता यायला हवं असं मी ठरवून बसलो. घड्याळ लावलं. सातव्या ओळीला माझा दम फुटला, सोळा सेकंदांत.

यातून एक गोष्ट कळली, जी व्याकरणाच्या पुस्तकात वाचूनही कधी छातीत शिरली नव्हती. ख, घ, थ, ध, भ यांना महाप्राण म्हणतात ते उगीच नाही. ते खरंच हवा खातात. वरची दुसरी ओळ बघा: ख, थ आणि ध, तिन्ही एकाच ओळीत. 'कबड्डी'त मात्र एकही महाप्राण नाही! आता माझा नियम असा की महाप्राण सुरुवातीच्या दोन-तीन ओळींत, छाती भरलेली असताना, उधळून टाकायचे. पुढे क, च, त, प, ल, र यांवर भागवायचं. या काटकसरीने नऊ ओळींपर्यंत पोचलोय. तालेवार वाटणारे दोन 'झुंजार' आणि एक 'धडक' त्यात बळी गेले, वाईट वाटलं नाही.

खो-खोचं दुखणं वेगळं. पाठीवर खो मिळाल्याशिवाय बसलेल्याला उठता येत नाही, म्हणून तिथे दामयमक हवं असं मनात आलं. एका चरणाच्या शेवटची अक्षरं पुढच्या चरणाच्या सुरुवातीला, आणि जमल्यास अर्थ पालटून, कारण शेजारशेजारच्या पाट्यांतल्या (बसायच्या आडव्या पट्ट्यांतल्या) खेळाडूंची तोंडंही उलट दिशांना असतात. भोंडल्यातलं कारल्याचं गाणं साखळीचंच आहे. सासू बी पेरायला सांगते, सून पेरते आणि विचारते, आता जाऊ का माहेरा? लगेच सासूचं पुढचं काम तयार. तिथे वस्तू पुढे सरकते, इथे मला अक्षरं सरकवायची आहेत.

बसली पाटी, उठला वारा
वारांमधुनी निसटे पारा
पारावरचे म्हणती धर धर
धरणीवरती पाय न ठरती
रतीभराने हुकली बोटे

दुसरी ओळ आधी 'वारांतुनि निसटतसे पारा' अशी होती. मात्रा सोळाच, पण आठव्या मात्रेवर शब्द मधोमध कापला जातो. मला ते मुद्दामच हवं होतं, कारण पळणारा खेळाडू दोन बसलेल्यांच्या मधून आरपार जातो, पाठलाग करणाऱ्याला तसं जाता येत नाही. पोरी मात्र दर वेळी तिथेच अडखळल्या. भाची म्हणाली, "मामा, इथे फाऊल होतोय." बदलली. वहीत जुनी ओळ खोडलेली नाही.

ओळी आठ हव्यात, बसलेले आठ म्हणून. पाचवर तीन आठवडे अडकलोय. 'बोटे'च्या पाठीवर खो दिला तर उठायला कोणीच तयार नाही. भाचीने सुचवलं, 'हुकला हात' कर, म्हणजे पुढे 'हातावरती' घेता येईल. मांडून बघितलं, सोळाऐवजी पंधराच मात्रा भरतात. हातही एका मात्रेने हुकतोय.