वेळ बरा मिळतो

रविवार, रात्रीचे पावणेबारा

"वेळ बरा मिळतो गं तुला!"

एवढंच म्हणाली सुलूताई. हातात बाजूबंद, चष्मा कपाळावर सारलेला, आणि अगदी हसत. मीही हसले. तेवढ्यात कोणीतरी झाकलेल्या वाट्या आणल्या, ऋचाने बर्फी उचलली, "मुलगी, मुलगी" असा गलका झाला आणि ते वाक्य तिथेच पडलं. पडलं ते बरंच झालं असं वाटेपर्यंत माझ्याबरोबर रिक्षात बसून घरी आलं.

'बरा' हा शब्दच वाईट. स्वयंपाक बरा झालाय म्हणजे मीठ कमी आहे. जावई बरा आहे म्हणजे पुढे काही विचारू नये. आणि वेळ बरा मिळतो म्हणजे?

खरं तर ऋचाच्या डोहाळजेवणाची ही कागदी दागिन्यांची वाडी माझ्याच डोक्यातून निघाली. सातवा लागला तरी ऋचाला मोगऱ्याचा वास सोसत नाही. निशिगंध तर दारातूनच परत. मग फुलांची वाडी भरायची कशाने? मीच म्हटलं, कागदाच्या फुलांची करू. कोणी गळ घातली नव्हती. बोहरी आळीत जाऊन पांढरा क्रेप आणला, गुलाबी आणला, तार आणली, हिरवी चिकटपट्टी आणली. येताना बसमध्ये उगाच खुशीत होते.

कळी सोपी आहे. क्रेपची बोटभर पट्टी घ्यायची, सुरकुत्या लांबीला हव्यात. मधोमध एक पीळ द्यायचा आणि एक टोक दुसऱ्यावर दुमडायचं. मग अंगठ्याने आतून हलकं ताणलं की वाटी होते. खाली चिमटीत धरून दोरा. झाली मोगऱ्याची कळी. पट्टी आडवी कापलीत तर कितीही ताणा, कागद फाटेल पण वाटी व्हायची नाही. आई हे कधी सांगायची नाही, नुसता माझ्या हातातला कागद फिरवून द्यायची.

ती खळ वापरायची, मैद्याची, चिमूटभर मोरचूद घातलेली, म्हणजे कीड लागत नाही. मी मोरचूद नाही घातलं. अंगावर घालायचे दागिने, त्यात असलं विष कशाला. फेव्हिकॉल पातळ झाला की क्रेपच्या चुण्याच मरतात, म्हणून खळच केली. गुलाबी फुलं कातडीला लागतील अशी कुठेही ठेवली नाहीत; घाम आला की क्रेपचा रंग सुटतो. गळ्यात सगळं पांढरं, गुलाब फक्त मुकुटावर आणि कंबरपट्ट्यावर, साडीच्या वर. एवढा सगळा विचार केला होता मी. आणि वर हे.

मघाशी हिशेब केला. (हो, केला. बिलाच्या मागच्या बाजूला.) कळ्या २६०. एकीला दीड मिनिट धरलं तर साडेसहा तास. गुलाब ११, प्रत्येकी वीस मिनिटं, कारण आतल्या तीन पाकळ्या घट्ट, बाहेरच्या पाच विणायच्या सुईवर वळवलेल्या. सगळे मिळून दहा तास दहा मिनिटं. चंद्रकोर धरलेली नाही. ती पुठ्ठ्याची होती आणि कापताना कमरेने राम म्हटला. आधी थर्माकोलचा एक तुकडा आणला की पाच मिनिटांत चंद्र व्हायचा. २०१८ ला त्याच्यावर बंदी आली, बरोबरच होती, पण पुठ्ठा तो पुठ्ठाच.

दहा तास दहा मिनिटं. एप्रिलच्या आधी मिळाले असते का?

नसते. हीच तर गंमत आहे. ती खोटं बोललीच नाही.

एप्रिलचं तिला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून कोणी विचारत नाही. विचारत नाहीत त्याचा राग वेगळा. हा म्हणतो, "अगं, कौतुक केलं तिने." यालाही वेळ बरा मिळतो कौतुकं ओळखायला.

माझ्या डोहाळजेवणाला खरा मोगरा होता. आईने पहाटे... असो.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर ही वही मला खोटं बोलू देते असं होईल. वीस वर्षं "वेळच नाही गं" हे वाक्य मी दागिन्यासारखं अंगावर घालून फिरले. भिशीला वेळ नाही, सुलूताईच्या घरच्या पूजेला वेळ नाही, तिच्या मोतीबिंदूच्या वेळी फोन केला तोसुद्धा सिग्नलला थांबल्यावर. तेव्हा तिला काय वाटलं असेल याचा हिशेब बिलामागे मावायचा नाही.

आणि आज मी पाहिलं ते. ओट्या भरून झाल्यावर सगळ्या जेवायला उठल्या, ही कोपऱ्यात तशीच बसलेली. हारातली गळलेली एक कळी तिच्या हातात. हळूच उलगडत होती. दुमड सोडली, पीळ सोडला, शेवटी हातात नुसती चुरगळलेली पट्टी. मग परत वळायला गेली. एकदा, दोनदा. जमेना. इकडेतिकडे पाहिलं आणि ती पट्टी पर्समध्ये टाकली.

पट्टी आडवी धरली होती तिने.

मी का नाही उठले? दोन पावलांवर होते. कागद नुसता फिरवून द्यायचा होता.

दागिने ऋचाने परत पाठवलेत, जपून, साडीच्या खोक्यात. खरी फुलं असती तर उद्या निर्माल्यात गेली असती आणि विषय संपला असता. आता हे खोकं माळ्यावर जाईल आणि दर दिवाळीच्या आवराआवरीत कोणीतरी विचारेल, याचं काय करायचं.

पांढरा क्रेप अर्धा उरलाय. सुलूताईला उद्या फोन करीन म्हणते. दुपारी चारनंतर, ती झोपून उठली की.

साडेबारा वाजले. एवढं लिहायलासुद्धा वेळ बरा मिळाला.