पाचवा पत्ता घातला की पहिले चार गायब

अक्षय्य तृतीयेच्या आधी देवगडात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. नेमक्या त्याच दिवसांत एका बागायतदार काकांचा फोन. "मुंबयच्या गिऱ्हाईकाचो फोन इलो. पाचवो पत्तो घालूक गेलो की पयले चार गायब! तुमच्या पानात वांदर शिरलो काय?"

काकांच्या हापूसच्या ऑर्डरचं वेबपान आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने केलं होतं. स्वतःच शिकलेला, पण हात चांगला. एकाच गिऱ्हाइकाला चार नातेवाइकांकडे पेट्या पाठवायच्या असतात, म्हणून 'आणखी पत्ता' हे बटण. दाबलं की नवी ओळ: नाव, पत्ता, फोन, पेट्या. पेट्यांच्या रकान्यात आधीच १ घातलेला.

त्याने माझ्यासमोर बटण भराभर दाबलं. ओळी आल्या. "चालतंय की, दादा." चाचणी त्याने अशीच घेतली होती, रिकाम्या ओळींवर. म्हटलं, आधी भर, मग दाब. त्याने स्वतःचं नाव टाकलं, पेट्या ३ केल्या, बटण दाबलं. नाव गेलं आणि ३ चा १ झाला.

त्या १ वरून चोर सापडला. रकाना नुसता पुसला गेला असता तर तिथे काहीच उरलं नसतं. १ परत आला, म्हणजे ओळच नव्याने तयार झाली होती. पानाच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोडमध्ये, यादीच्या इनरएचटीएमएलला (यादीच्या आतला सगळा एचटीएमएल मजकूर) += ही 'आहे त्यात जोड' अशी खूण लावून नव्या ओळीचा मजकूर जोडला होता. दिसायला ही जोडणी, पण ब्राउझर आधीच्या ओळींचा मजकूर करतो, त्याच्या शेवटी नवा चिकटवतो, जुन्या ओळी काढून टाकतो आणि सगळ्या पुन्हा उभ्या करतो. गिऱ्हाइकाने टाइप केलेलं त्या मजकुरात येतच नाही. येते ती रकान्याच्या व्हॅल्यू ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे कोडमधल्या नोंदीत, आपणच लिहिलेली सुरुवातीची किंमत. ॲडइव्हेंटलिसनरने ('दाबलं की हे कर' असं सांगणारी आज्ञा) जुन्या बटणांना लावलेली कामंही त्यांच्याबरोबर जातात. ओळीतलं 'काढा' हे बटण मधूनच मुकं का व्हायचं, तेही त्यात उलगडलं. पोरगा त्याचा दोष इतके दिवस मोबाइलला देत होता.

मग क्रिएटएलिमेंट या आज्ञेने डिव्ह, म्हणजे ओळीसाठी रिकामा डबा, करून, त्यात रकाने घालून अपेंडचाइल्ड या आज्ञेने यादीच्या शेवटी लावायला सांगितलं. यात जुन्या ओळींना हात लागत नाही. त्याने पटकन लिहिलं आणि तितक्याच पटकन अडकला. पहिल्यांदा ओळ आली, मग कितीही दाबा, दुसरी येईना. एररही नाही! असली कोडी मला मनापासून आवडतात. क्रिएटएलिमेंट त्याने क्लिकच्या फंक्शनबाहेर (बटण दाबलं की दरवेळी चालणाऱ्या कोडबाहेर) ठेवलं होतं, त्यामुळे डिव्ह एकच. एक नोड, म्हणजे पानातला असा एक घटक, एकाच जागी राहतो. लावलेलाच पुन्हा लावला तर उचलून शेवटी ठेवला जातो, आणि हा तर शेवटीच होता. डिव्ह करण्याची ओळ फंक्शनच्या आत घेतल्यावर यादी वाढू लागली.

"इन्सर्टअ‍ॅडजसेंटएचटीएमएलने एका ओळीत झालं असतं ना?" त्याने विचारलं. झालं असतं, एचटीएमएल मजकूर हव्या जागी घालणारी ती आज्ञाही जुन्या ओळी मोडत नाही. पण खाली ऑर्डरच्या गोषवाऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव दाखवायचं होतं, तिथे मी टेक्स्टकंटेंटचाच, म्हणजे मजकूर निव्वळ अक्षरं म्हणून घालण्याचाच, हट्ट धरला. नावाच्या रकान्यात कुणी टॅग (एचटीएमएलची खूण) लिहिला तर तो अक्षरं म्हणून दिसावा, पानात चालू नये.

संध्याकाळी पान चढवलं. तोवर काकांनी पाचही पत्ते फोनवरून वहीत उतरवून पेट्या भरायला घेतल्या होत्या.