आठ थाऊचा हिशेब

झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या मी डाय नावाच्या साच्यात दाबून परत मापात आणतो आणि पुन्हा वापरतो. चार वेळा झाडलेल्या अशा एका पुंगळीवर, तळापासून साधारण सेंटिमीटरभर वर, चकचकीत रेघ दिसली. डायचा घासा असेल म्हणून आधी सोडून दिलं. मग राहवेना. पेपरक्लिप सरळ करून टोक वाकवलं, पुंगळीत सोडलं आणि आतल्या भिंतीवरून वर ओढलं. त्याच जागी टोक अडखळलं. पुंगळी उभी चिरली, तर पितळ तिथे आतून खोबणीसारखं पातळ झालेलं. आणखी एखाद-दोन बार, आणि चेंबरमध्येच (रायफलीत काडतूस बसतं त्या जागेत) तिचे दोन तुकडे झाले असते.

चूक माझीच. डायबरोबरचा कागद सांगतो, डाय शेलहोल्डरला (पुंगळीचा तळ धरणाऱ्या खाचेला) टेकवा आणि आणखी पाव आटा खाली फिरवा. .308 काडतुसासाठी मी वर्षभर डोळे मिटून तेच केलं. कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकून माप घेणारा जोड) लावून मोजल्यावर डोळे उघडले: झाडलेली पुंगळी तळापासून खांद्यापर्यंत (जिथे ती मानेकडे निमुळती होते) 1.634 इंच, डायमधून निघालेली 1.626. दर खेपेला खांदा 8 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मागे! बार होताना पुंगळीचा पुढचा भाग दाबाने चेंबरला घट्ट बसतो आणि तळ मागे सरकतो. ती ओढाताण सगळी बुडाजवळच्या पितळाने सोसायची.

आता बोल्ट रायफलसाठी मी फक्त 2 थाऊ मागे घेतो. प्रायमर (तळातली ठिणगी देणारी टोपी) काढल्याशिवाय मोजत नाही, कारण जरा वर आलेला प्रायमर सगळं माप खोटं पाडतो. एकदाच झाडलेल्या पुंगळीवरही भरवसा नाही. चेंबरभर फुलायला तिला कधी कधी दोन-तीन बार लागतात.

डाय थोडी थोडी खाली घेताना एक गंमत होते. माप आधी वाढतं! अंग आवळलं गेलं की खांद्याला पुढेच जागा मिळते. पहिल्यांदा मला वाटलं, कॅलिपर बिघडला. डायचा खांदा टेकला की आकडा उतरायला लागतो. शेवटची खात्री रायफलच देते: बोल्टमधली (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यातली) फायरिंग पिन आणि इजेक्टर काढायचे, रिकामी पुंगळी आत घालायची, आणि हँडल स्वतःच्या वजनाने पडतंय का बघायचं.

मानेची कथा वेगळी. एक्सपांडरचा गोळा (डायमधला, मान आतून रुंद करणारा) कोरड्या मानेतून किंचाळत बाहेर यायचा तेव्हाच समजायला हवं होतं की तो मान वाकडी करतोय. आता बुशिंग डाय वापरतो; मान बाहेरून आवळणारं तिचं कडं बुलेट बसवलेल्या मानेच्या मापापेक्षा 2 थाऊ लहान. लॅनोलिनचं वंगण मात्र बेतानं. कमी पडलं आणि एक पुंगळी डायमध्ये अशी रुतली की ड्रिल, टॅप आणि अर्धी संध्याकाळ गेली. पुढच्या खेपेला घाबरून जास्त चोपडलं, तर खांद्यावर पोचे.

काल 50 पुंगळ्या काढल्या. 47 जणी एका थाऊच्या आत. उरलेल्या तिघींचा खांदा परत उसळतो, पितळ कडक झालंय. त्या ॲनिलिंगच्या (तापवून मऊ करायच्या) डब्यात टाकल्यात.