मुठीचा डबा

"दान म्हणजे काय रे?" असं चौथीच्या वर्गात विचारलं, तर एका मुलानं छताकडं बोट केलं. "बाई, पंख्यावर नाव लिवत्यात ते." वर्ग हसला, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्या शाळेत पंख्याच्या पात्यांवर, कपाटावर, पाण्याच्या टाकीवर, जिकडं बघावं तिकडं कुणाच्या तरी स्मरणार्थ 'सप्रेम भेट' आहे. पोरं रोज जे वाचतात तेच सांगणार.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दरवर्षी 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाला निधी गोळा होतो. पुढं नाव, त्यापुढं रक्कम, अशी यादी. कुणी शंभराची नोट आणतं, कुणी पाचाचं नाणं घामेजल्या मुठीत धरून आणतं. यादी मोठ्यानं वाचली की कुणाची मान ताठ होते आणि कुणाची खाली जाते. पैशाचा हिशोब ठेवावाच लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण देण्याची ओळखच मुलांना यादीतून होत असेल, तर दुसरी काहीतरी ओळख वर्गात व्हायला हवी असं मला वाटत होतं.

आधी गोष्टी सांगून बघितल्या. कर्णाची कवचकुंडलं मुलांना फार आवडली. दोन मिनिटं वर्ग चिडीचूप, मग एकीनं विचारलं, "पण बाई, आपल्याकडं कवच कुठाय?" हा प्रश्न अगदी रास्त. एवढ्या थोर दानाच्या गोष्टी ऐकून मूल भारावतं खरं, पण त्याच्या हाताला काम मिळत नाही.

म्हणून आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढलं. गांधीजी 1927 मध्ये तिथं आले होते. त्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आणि गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य गोळा व्हायचं, तो मुष्टिफंड. मंगळसूत्रापाशी एक पोरगी अडली. "परत केलं का त्यांना कुणी?" नाही म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मूठ मात्र सगळ्यांना लगेच पटली, कारण ती प्रत्येकाकडं होती. लगेच बाकावर मुठी मांडून कुणाची मोठी याचं मोजमापही सुरू झालं.

तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा स्वच्छ घासून घेतला आणि कपाटाच्या मागं ठेवला. नियम एवढेच, की धान्य स्वतःच्या हातानं घरच्या डब्यातून काढायचं, घरी विचारून. पैसे चालणार नाहीत. एकेकानं कपाटामागं जायचं, डब्यात हात घालायचा आणि बाहेर यायचं. कुणी किती टाकलं ते कुणीच बघायचं नाही, मीसुद्धा नाही.

"मग एकाद्यानं टाकलंच न्हाय तर?"

"तर नाही कळणार."

हे पचायला वर्गाला वेळ लागला. एका हुशार पोरानं दुसऱ्याच दिवशी वहीत गुपचूप नोंदी सुरू केल्या, कोण रिकाम्या पिशवीनं आला आणि कोण भरल्या. वही मी काढून घेतली नाही. त्यालाच विचारलं, याचं तू काय करणार? "तुमाला दावनार." मी बघणार नाही म्हटल्यावर त्याचा उत्साह आपोआप ओसरला.

एक पालक फाटकापाशी भेटले. "बाई, कशाला पोरांना दाणे वाहायला लावता? पन्नास रुपये घ्या आणि मिटवा." भले गृहस्थ, त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं. पण पैसे मूल नुसतं पोचवतं. धान्याला त्याला आजीकडं जावं लागतं, डब्यात कोपरापर्यंत हात घालावा लागतो आणि "सांडू नको गं" हे ऐकावं लागतं. विनोबांचं सर्वोदय-पात्र, म्हणजे समाजाच्या कामासाठी घरोघरी ठेवलेलं धान्याचं भांडं, असंच होतं. घरातल्या लहान मुलाच्या हातानं त्यात रोज मूठ पडावी असा त्यांचा आग्रह असे. हे मी त्या पालकांना सांगितलं. ते हसून "बरं" म्हणाले. पटलं की नाही, देव जाणे.

खरी अडचण हंगामाची. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या. त्यांची मुलं कोप्यांतून, म्हणजे टोळीच्या झोपड्यांतून, आमच्या वर्गात येऊन बसतात. डब्यातलं धान्य कुणाला द्यायचं हे विचारल्यावर दोन-तीन जण एका सुरात म्हणाले, "कोपीवाल्यांना!" त्या कोपीतला पोरगा तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होता. मी विषय तिथंच थांबवला आणि म्हटलं, डबा सगळ्यांचा, आधी भरू तर दे.

दोन दिवसांनी तोच पोरगा वाढ्यांची पेंढी खांद्यावर घेऊन आला. उसाचे हिरवे शेंडे, ताजे कापलेले, वर्गभर त्यांचा वास. टोळीवाले बैलांना पुरून उरलेली वाढी विकतात, तेव्हा त्या पेंढीला मोल होतं. "बाई, हे डब्यात कसं घालू?" वर्गात जुंपली. एक म्हणे धान्य नाही, चालणार नाही. दुसरी म्हणे मुठीत मावत नाही, म्हणजे जास्तच आहे. शेवटी पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींची गाभण शेळी कुणाला तरी आठवली. पेंढी तिथं गेली. मावशी मुलांवर ओरडतच म्हणाल्या, "आरं, उद्या बी आणा की." पोरगा लाजून हसला आणि बाकावर जरा ऐसपैस बसला.

डबा भरला तेव्हा आतला प्रकार बघून मी कपाळाला हात लावला. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, थोडे उडीद, सगळं एकत्र, वर पोरकिडे. निवडत बसलं तर महिना गेला असता. एका मुलीच्या आजीनं मार्ग काढला, "निवडता कशाला? भाजणी करा." ओसरीवर धान्य उन्हात घातलं, पाखडलं. सुपाला हात लावायला मुलांमध्येच जास्त चढाओढ. मावशींनी धणे-जिरे घालून मोठ्या कढईत भाजलं आणि गिरणीवाल्यानं दळणाचे पैसे घेतले नाहीत. त्याचं नाव फळ्यावर लिहूया, असं पोरं म्हणाली. मी खडू दिला नाही.

निम्म्या भाजणीची थालीपिठं शाळेतच सगळ्यांनी खाल्ली. उरलेली भाजणी डब्यात भरून शाळेजवळ एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आजींना द्यायचं मुलांनीच ठरवलं. फोटो काढायचा का, यावर बरीच वादावादी झाली. एकजण म्हणाला, "माझ्या आजीला कुणी पीठ देताना फोटो काढला तर ती दार लावंल." त्यावर फारसं कुणी बोललं नाही. फोटो रद्द.

आजींनी भाजणी ठेवून घेतली, पण रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून त्यात चिंचेचे गोळे भरले. वाटेत मुलांचं भांडण लागलं, की आता दिलं कुणी आणि घेतलं कुणी. शाळेत पोचेपर्यंत चिंच संपली होती, भांडण मधल्या सुट्टीपर्यंत चाललं. मी मध्ये पडले नाही.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि टोळी गेली. जाताना त्या पोराची शाळा सोडल्याची नोंद करताना त्यानं एवढंच विचारलं, की मावशींची शेळी व्याली का. व्याली होती, दोन करडं.

यंदाच्या चौथीनं जूनमध्येच डबा मागितला. पावसाळ्यात धान्याला कीड लवकर लागते, म्हणून दिवाळीनंतर, असं सांगून ठेवलंय. या वेळी डब्याच्या तळाशी कडुलिंबाचा पाला घालणार आहे.